पॉवर काइटच्या चार दोऱ्या बदलताना: येळ्ळूरच्या शिवारातल्या नोंदी

९ नोव्हेंबर

पॉवर काइट म्हणजे उडवणाऱ्यालाच ओढेल इतक्या जोराचा पतंग. बेळगावजवळच्या येळ्ळूरला उडवतो तो तीन चौरस मीटरचा, फॉइल जातीचा, म्हणजे काड्या नसलेला, हवेने फुगणारा. दोन हँडल, चार दोऱ्या: वरच्या दोन मुख्य, त्या ओढ घेतात, खालच्या दोन ब्रेकच्या. कापड आणि कन्नीच्या, म्हणजे पतंगालाच बांधलेल्या छोट्या दोऱ्या ठीक आहेत. प्रश्न हँडलपासून पतंगापर्यंतच्या वीस-वीस मीटरच्या चार दोऱ्यांचा आहे.

जुन्या दोऱ्या कुठे खराब झाल्या ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जुन्या जॉर्जेट ओढणीचा तुकडा चिमटीत धरून दोरीवरून सावकाश ओढत नेला. तंतू तुटलेले असतील तिथे कापड अडकतं. चारही दोऱ्यांवर मिळून अकरा जागा सापडल्या, त्यातल्या आठ पतंगाकडच्या शेवटच्या दीड मीटरात. पतंग उतरला की तेच टोक भाताच्या धसकटांवरून आणि जांभ्याच्या खरीवरून घासत जातं. शिवाय तांबडी माती विणीत शिरते आणि ताण आला की आतून कानशीसारखी चालते.

लांबी मोजली. डावी मुख्य २०.१४ मीटर, उजवी २०.०२. बारा सेंटिमीटरचा फरक. पतंग सतत एकीकडे जात होता आणि दोष कन्नीला दिला जात होता, त्याचं कारण बहुधा हेच.

एकच दोरी बदलावी असा मोह होतो, पण ते करू नये. नवी दोरी पुढच्या तासभरात ताणते, जुनी ताणून झालेली असते. दोघींची जोडी कधीच जमत नाही.

११ नोव्हेंबर

दोरी किती मजबूत हवी याचा हिशेब. वेष्टनावरचा आकडा बघून घ्यायचं नसेल तर एवढं करावंच लागतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्के विरळ, म्हणून २५ अंश तापमानाला घनता १.०८ किलो प्रति घनमीटर धरली. वारा ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर. पण पतंग एका जागी उभा नसतो. तो आडवा धावतो तेव्हा त्याला लागणारी हवा वाऱ्याच्या चौपट वेगाची असू शकते, म्हणजे सेकंदाला वीस मीटर. उचल गुणांक (पतंग हवेतून किती उचल काढतो त्याचा आकडा) ०.८ धरला तर ओढ येते जवळपास ५३ किलो.

वारा ताशी २५ झाला की तोच हिशेब १०२ किलोवर जातो. वारा जवळपास चाळीस टक्क्यांनी वाढला, ओढ जवळपास दुप्पट झाली. ही ओढ दोन मुख्य दोऱ्यांत वाटली जाते, पण वळण घेताना एकीवरच बहुतेक भार येतो. म्हणून एकटी दोरी, गाठीसकट, शंभर किलो पेलणारी हवी. गाठीसकट हा शब्द महत्त्वाचा. पुढे त्यानेच सगळा घोळ केला.

१५ नोव्हेंबर: पहिली चूक, तंगूस

रविवार पेठेतून मासेमारीचा जाड तंगूस आणला, १६० रुपये. फक्त लांबी आणि हँडलची बांधणी तपासायला, तीही शिवारात कोणी नसताना.

वीस मीटरच्या तुकड्याला ताणकाट्याने वीस किलोची ओढ दिली, दोरी मीटरभराहून जास्त लांबली. पतंग हवेत गेल्यावर ब्रेक ओढला तर आधी तंगूस ताणतो आणि पतंगाला निरोप उशिरा पोचतो. तोवर त्याने पुढचं वळण घेतलेलं असतं. उतरवताना तर ब्रेक लागलाच नाही, पतंग सरळ बांधावर आपटला. नायलॉनचा हा गुणच आहे. गळाला मासा लागल्यावर झटका खायला तो बरा, इथे कुचकामी.

दुसरी गोष्ट कायद्याची. ११ जुलै २०१७ च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने पतंगासाठी नायलॉनचा आणि इतर सिंथेटिक मांजा देशभर बंद आहे. डायनीमा, म्हणजे अशा पतंगांना वापरतात ती फार मजबूत पॉलिएथिलीनची दोरी, तीसुद्धा सिंथेटिकच, ती काचेची नाही म्हणून सुटत नाही. त्यामुळे पैसे घालण्याआधी आपल्या गावच्या प्रशासनाला विचारावं आणि संक्रांतीच्या गर्दीत हा प्रकार नेऊच नये.

२२ नोव्हेंबर: दुसरी चूक, जाड पॉलिएस्टर

दोन मिलिमीटरची विणलेली पॉलिएस्टर दोरी, शंभर मीटर, ४२० रुपये. तंगुसापेक्षा बरीच कमी ताणते, हाताला छान, गाठ पक्की बसते. तरी पतंग वर जाऊन डोक्यावर पोचतच नाही, मागे रेलल्यासारखा राहतो.

कारण कागदावर मांडलं तेव्हा कळलं. दोन मिलिमीटर गुणिले वीस मीटर गुणिले चार: वाऱ्यासमोर ०.१६ चौरस मीटर नुसती दोरी. एक मिलिमीटरची घेतली तर निम्मी. पतंग तीन चौरस मीटरचा असल्यावर एवढी दोरी ओढत नेणं म्हणजे त्याच्या पायात लोढणं. वर दोरीला वजन आहे, मध्ये झोळ पडतो आणि हँडलची हालचाल त्या झोळातच जिरते.

ही दोरी वाया गेली नाही. पुढे दोऱ्या ताणायला मागच्या बाजूची दोरी म्हणून उपयोगी पडली.

२९ नोव्हेंबर: तिसरी चूक, मासेमारीची विणलेली दोरी

चार पदरी पॉलिएथिलीनची, वेष्टनावर ४५ किलो, १५० मीटर, १,१५० रुपये. ‘दोन मुख्य दोऱ्या मिळून नव्वद, ताशी १८ च्या वाऱ्याला पुरे’ असा हिशेब केला आणि तो चुकला. साध्या गाठीशी ती पहिल्याच वळणावर तुटली. घरी पाण्याच्या ड्रमवर तपासली तर गाठीशी २४ किलोला गेली.

आणखी एक दोष असा की ही दोरी चपटी आणि सैल विणीची आहे. पतंगाने दोन गिरक्या घेतल्या की चारही दोऱ्या एकमेकींभोवती पिळल्या जातात. चांगली दोरी अशा पिळातूनही घसरते आणि ब्रेक चालतो. ही मातीने माखल्यावर दोन पिळांतच अडकली.

आतापर्यंत गेले १,७३० रुपये आणि तीन रविवार.

३ डिसेंबर

शेवटी डायनीमा मागवली. कोटिंग केलेली, एक मिलिमीटर, वेष्टनावर १३५ किलो, एकाच रिळात सलग शंभर मीटर. कुरिअरसकट ४,८०० रुपये.

तयार संचात मुख्य दोऱ्या जाड आणि ब्रेकच्या बारीक असतात. ब्रेकवर भार कमी असतो, त्यामुळे ते बरोबरच आहे आणि हवेला अडथळाही थोडा कमी होतो. तरी इथे मुद्दाम चारही एकाच रिळातल्या घेतल्या. मुख्य दोऱ्यांवर भार जास्त, म्हणून त्या काही तासांत ब्रेकच्या दोऱ्यांपेक्षा लांबतात. मग ब्रेक न ओढताच ब्रेक लागलेला राहतो, पतंग मागे बसतो, थिजतो, कधी उलटा येतो. चारही सारख्या असतील तर मुख्य दोऱ्या ब्रेकच्या जागी आणि ब्रेकच्या मुख्य जागी लावून फरक भरून काढता येतो. जाड-बारीक संचात ही सोय नाही. शिवाय दोन वेगळ्या जाडीच्या दोऱ्या सारख्या ताणत नाहीत.

केवलार ही दुसरी मजबूत सिंथेटिक दोरी बघितली आणि सोडून दिली. तापाला ती डायनीमापेक्षा कितीतरी टिकते, पण चार दोऱ्या एकमेकींवर घासतात तिथे ती शेजारणीला कापते. डायनीमा गुळगुळीत आहे, मात्र तिचा वितळबिंदू १५० अंशांच्या अलीकडे-पलीकडे. एका जागी उभ्या राहिलेल्या दोरीवरून दुसरी दोरी भराभर धावली तर तेवढ्या घर्षणाने ती वितळू शकते. दुसऱ्याच्या पतंगाची दोरी आपल्या दोरीत आली तर ओढाओढ न करता दोघांनी जागच्या जागी थांबावं.

लांबी वीस मीटरच ठेवली. पंचवीस घेतली तर पतंगाला आकाशात फिरायला जास्त जागा मिळते, वाराही वर स्थिर असतो. पण या शिवाराच्या कडेला निलगिरीची रांग आहे आणि पलीकडे हेस्कॉमच्या विजेच्या तारा.

७ डिसेंबर: ड्रमची चाचणी

ज्याला हे काम करायचं आहे त्याने एवढी एक चाचणी तरी करावी. वेष्टनावरचा आकडा सरळ, बिनगाठीच्या दोरीचा असतो आणि आपण उडवतो गाठीची दोरी.

पत्र्याच्या शेडची लोखंडी तुळई. दोनशे लिटरचा प्लास्टिक ड्रम, रिकामा नऊ किलो. ड्रम जमिनीपासून वीतभर वर टांगला आणि खाली वाळूचं पोतं टाकलं, म्हणजे पडला तरी फुटू नये. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनने पाणी ओतत गेलो. एक कॅन म्हणजे पाच किलो. आधी पंधरा लिटरच्या बादलीने ओतत होतो, पण तुटण्याचा आकडा पंधरा-पंधरा किलोंच्या मधे कुठेतरी राहायचा.

ओतताना तोंड दोरीच्या रेषेत ठेवू नये. डायनीमा फार ताणत नाही, तरी तुटताना टोक सपकन येतं.

सत्तर सेंटिमीटरचे सात तुकडे केले, पाच मीटर दोरी त्यात गेली.

नुसत्या दोरीवर साधी गाठ, तीन तुकडे: ६४, ६९, ६४ किलो. दर वेळी गाठीच्या तोंडाशीच तुटली. १३५ चे निम्मेसुद्धा धड नाही.

नुसत्या दोरीवर आठच्या आकड्याची गाठ, दोन तुकडे: ७९, ८४.

दोरीवर पोकळ विणीचं आवरण चढवून (ते कसं केलं ते पुढे) आठच्या आकड्याची गाठ, दोन तुकडे: १०४, १०९.

गुळगुळीत बारीक दोरी गाठीत करकचून वळते तेव्हा बाहेरच्या तंतूंवर सगळा भार येतो. मऊ आवरण मधे आलं की वळण मोठं होतं आणि दोरी दोरीला चावत नाही. आवरणाला खर्च जवळजवळ नाही, त्याच गाठीत फरक पंचवीस किलोंचा.

१० डिसेंबर: आवरण

तयार आवरण मिळालं नाही. दोन गोष्टी करून बघितल्या. पडद्याची तीन मिलिमीटरची पॉलिएस्टर दोरी घेतली आणि आतला पीळ ओढून काढला, बाहेरची पोकळ वीण राहते. खेळाच्या बुटाची गोल नाडीही अशीच पोकळ करता येते, पण तिची वीण घट्ट असल्याने दोरी आत सरकवताना घाम निघतो. पडद्याची दोरी बरी. दहा रुपये मीटर, दोन मीटर पुरते.

दोरी आवरणात ओवायला आधी वडगावच्या मागवाल्यांकडचा, ताण्याचे धागे फणीतून ओढण्याचा चपटा आकडा वापरून बघितला. त्याचं टोक आवरणाच्या विणीतच रुतत होतं, तीन आवरणं उसवली. मग गिटारची सर्वांत बारीक तार मधोमध दुमडली. दुमडलेलं टोक आवरणातून पुढे काढायचं, त्या फाशात डायनीमाचं टोक चार बोटं अडकवायचं आणि आवरण सुरवंटासारखं गोळा करत तार मागे ओढायची. एका टोकाला दोन मिनिटं लागतात.

आवरण अठरा सेंटिमीटर. दोरी आवरणाच्या पलीकडे दोन सेंटिमीटर बाहेर ठेवली, दोन्ही एकत्र धरून टोकाला छोटी गाठ मारली, म्हणजे दोरी आत सरकत नाही. मग दुमडून आठच्या आकड्याची गाठ, पुढे पाच सेंटिमीटरचा फास. आवरणाचं दुसरं तोंड दोरीला साध्या पॉलिएस्टर धाग्याने सहा टाके घालून शिवलं.

आवरणाचं तोंड मेणबत्तीने सांधायला हरकत नाही, पण दोरी ओवण्यापूर्वी. एकदा ओवल्यानंतर ज्योत जवळ नेली, आतली डायनीमा आक्रसून कडक झाली. ते टोक कापून टाकावं लागलं, वीस सेंटिमीटर वाया.

मुख्य दोऱ्यांना निळं आवरण, ब्रेकला लाल. डाव्या बाजूच्या दोन्हींना काळ्या धाग्याचा एक वळसा.

१४ डिसेंबर: ताणणं, आधी चुकीचं

चार तुकडे प्रत्येकी एकवीस मीटर कापले, पतंगाकडचं टोक आवरण घालून पुरं केलं. मग एकेक दोरी आंब्याच्या बुंध्याला बांधून माणसाने हाताने ओढली. कोणी किती ओढलं याचा पत्ता नाही. वीस मीटरवर खुणा केल्या, दुसरी टोकंही बांधून टाकली आणि पतंग वर गेला.

पहिली वीस मिनिटं सुरेख. चाळिसाव्या मिनिटाला पतंग मागे बसू लागला, ब्रेक पूर्ण सोडूनही थिजतो. खाली उतरवून मोजलं: मुख्य दोऱ्या ब्रेकपेक्षा नऊ आणि अकरा सेंटिमीटर लांब. नव्या दोरीची वीण बसायची राहिली होती, ती हवेत बसली.

हँडलकडच्या चारही गाठी सोडून पुन्हा करायच्या. आठच्या आकड्याची गाठ एकदा ओढ बसल्यावर सुटत नाही, कापावीच लागते. एकवीस मीटर कापली होती म्हणून निभावलं. वीस कापली असती तर पुन्हा ४,८०० रुपये.

१७ डिसेंबर: ताणणं, बरोबर

विहिरीची लोखंडी कप्पी शेडच्या तुळईला टांगली. डायनीमा कप्पीवरून न्यायची नाही, खाच गंजलेली असते आणि दोरी सोलते. डायनीमा कप्पीच्या दोन मीटर अलीकडे संपते, पुढे ती पॉलिएस्टर दोरी कप्पीवरून जाऊन ड्रमला बांधलेली. ड्रममध्ये ४१ लिटर पाणी, ड्रमसकट पन्नास किलो. प्रत्येक दोरी दहा मिनिटं, वेगळी, पण त्याच वजनाखाली.

चौघी लांबल्या: २४, २१, २६, २२ सेंटिमीटर, आधीची हातओढ आणि उड्डाण धरून. सारख्या नाहीत. एका रिळातली दोरी असूनही एवढा फरक पडतो, म्हणून आधी ताणायचं आणि नंतर मोजायचं.

मग चारही फास एकाच खिळ्यात अडकवले. प्रत्येकीला ताणकाट्याने पाच किलो ओढ देऊन वीस मीटरला पेनाची खूण केली, खुणेवर आवरण घालून गाठ मारली.

२१ डिसेंबर

सकाळी पूर्वेचा कोरडा वारा, ताशी १४ ते १८. राजहंसगडाच्या बाजूला जास्त मोकळं आहे, पण टेकडीच्या आडोशाला वारा गिरक्या खातो. पतंग एका क्षणी ओढतो, दुसऱ्या क्षणी मेल्यासारखा पडतो. येळ्ळूरच्या सपाट शिवारात परत आलो.

पतंग डावीकडे जात होता. दोष दोरीचा की कन्नीचा हे ओळखायची सोपी युक्ती आहे. डावी आणि उजवी मुख्य दोरी पतंगाकडे आणि हँडलकडे दोन्हीकडे अदलाबदल करायची. पतंग आता उजवीकडे जाऊ लागला तर दोष दोरीत, डावीकडेच राहिला तर पतंगात. इथे उजवीकडे गेला.

चारही दोऱ्यांना पुन्हा वीस-वीस किलो ओढ देऊन मोजलं. एक मुख्य दोरी तीन सेंटिमीटर आखूड. गाठ बसताना दोरी किती सरकते ते गाठ ओली होती की कोरडी, हाताने किती आवळली, यावर ठरतं. बाकीच्या तिघींच्या गाठी थुंकी लावून आवळल्या होत्या, हिची कोरडीच आणि ती आधीच आवळून बसलेली. हँडलच्या नाडीला अडीच-अडीच सेंटिमीटरवर गाठी आहेत, म्हणून त्या दोरीचा फास एक गाठ पुढे घेतला. उरलेला अर्धा सेंटिमीटर जाणवत नाही.

फास म्हणजे लार्क्स हेड: दावं खुंट्याला दुहेरी टाकतो तसा. गाठीच्या मागे बसला पाहिजे. पुढे बसला तर जोरात आहे तोवर धरतो, सैल पडला की निसटतो.

ब्रेकच्या नाडीवर फास पुढून तिसऱ्या गाठीवर ठेवला. हँडल नेहमीसारखं धरलं की ब्रेकच्या दोरीला किंचित झोळ दिसतो, वारा जातो त्या बाजूला हलका बाक. तो बाक मोडला तर ब्रेक लागलेला आहे, फार मोठा असेल तर ब्रेक ओढूनही काही होत नाही.

४ जानेवारी

आठ तास उडवून झाले. मुख्य दोऱ्या ब्रेकपेक्षा दोन आणि अडीच सेंटिमीटर लांब. अदलाबदल केली, आता बारा तासांनी पुन्हा मोजायचं.

ओढणीचा तुकडा फिरवला. पतंगाकडच्या टोकाला एकच जागा, किंचित लव. उतरवताना आता पतंग कापणी झालेल्या वाफ्यात न टाकता बांधालगतच्या गवतावर टाकतो आणि दोऱ्या गुंडाळताना ओल्या फडक्यातून ओढून घेतो. रिळावर आडव्या आठच्या आकड्यात गुंडाळायचं. गोल गुंडाळलं की उलगडताना दोरीला पीळ पडतो.

सांबऱ्याच्या विमानतळाच्या बाजूचं एक शिवार बघून ठेवलं होतं, ते सोडलं. मोकळं आहे, वाराही उत्तम, पण विमानतळाच्या वाटेत काहीही उडवायचं नाही. जवळच्या रस्त्यापासूनही शंभर मीटर अंतर. ताणलेली एक मिलिमीटरची दोरी दुचाकीवाल्याला दिसत नाही.

ताशी २२ च्या वर वारा गेला की उतरवतो. दोरी टिकते, उडवणारा टिकत नाही: ताशी २५ ला शंभर किलोवर ओढ, आणि एकाच जागी पाय रोवून उभं राहणं जमत नाही.

रिळावर अकरा मीटर डायनीमा शिल्लक आहे. पतंगाकडची टोकं झिजली की दीड-दीड मीटर कापून चारही दोऱ्या साडेअठरा मीटरच्या करायच्या. जोड द्यायचा नाही, म्हणून ही उरलेली दोरी पुढच्या संचाच्या ड्रमचाचणीसाठी ठेवली आहे. रिळावर कागद चिकटवलाय: १३५ लिहिलंय, १०४ धरा.